राहून गेलेली धमनी

चार आठवड्यांचा गर्भ जेमतेम ४ मिलिमीटर लांब असतो. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त हवं असतं, पण मानेच्या मणक्यांतून वर चढणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्या तेव्हा तयार झालेल्या नसतात. म्हणून पुढच्या कॅरोटिड धमनीतूनच काही आडवाटा मागे जातात : ट्रायजेमिनल, ओटिक, हायपोग्लॉसल आणि प्रोअटलांटल. यांतली ट्रायजेमिनल सर्वांत मोठी. कॅरोटिडला मेंदूच्या मागच्या धमन्यांशी जोडणारी पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनी तयार झाली, की हिचं काम संपतं आणि काही दिवसांत ती मिटून जाते.

एखाद्यात मात्र ती मिटतच नाही. मेंदूच्या अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत, हे प्रमाण साधारण ०.१ ते ०.६ टक्के आढळतं. चौघींपैकी प्रौढपणी सर्वाधिक सापडते ती हीच. हायपोग्लॉसल बरीच दुर्मीळ, आणि ओटिक खरोखर कुणात टिकते का, यावरच वाद आहे.

टिकून राहिलेल्या ट्रायजेमिनलची पहिली नोंद १८४४ मधली, लंडनचे शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड क्वेन यांची. शवविच्छेदनात दिसलेली एक गंमत, एवढंच तेव्हा तिचं मोल. जिवंत माणसात ती पाहायची सोयच नव्हती. ती सोय झाली पोर्तुगीज मेंदूविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला मेंदूची अँजिओग्राफी करून दाखवल्यावर. तरी ट्रायजेमिनल धमनी त्या चित्रात टिपली गेली, असं क्ष-किरणतज्ज्ञ सटन यांनी नोंदवलं ते १९५० मध्ये.

मधल्या काळात खरं काम केलं डॉर्कस पॅजेट यांनी. त्या डॉक्टर नव्हत्या. मूळच्या वैद्यकीय चित्रकार, बाल्टिमोरला न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांच्यासाठी चित्रं काढणाऱ्या. कार्नेगी संस्थेच्या संग्रहातल्या मानवी गर्भांचे पातळ छेद पाहून त्यांनी कवटीतल्या धमन्यांची वाढ टप्प्याटप्प्याने उभी केली. १९४८ चा त्यांचा तो प्रबंध आजही संदर्भासाठी काढला जातो. हातात पेन्सिल असलेल्या माणसाला जे दिसतं, ते नुसत्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, असं मला तरी वाटतं. पुढे १९५९ मध्ये क्ष-किरणतज्ज्ञ साल्ट्झमन यांनी या टिकून राहिलेल्या धमनीची वर्गवारी केली. पहिल्या प्रकारात बेसिलर धमनीचा, म्हणजे दोन्ही व्हर्टिब्रल एकत्र येऊन बनलेल्या धमनीचा, वरचा भाग बहुतांशी याच वाटेवर जगतो. दुसऱ्यात मेंदूच्या मागच्या धमन्यांना पोस्टिरिअर कम्युनिकेटिंगकडूनच रक्त मिळतं.

यानंतर या धमनीवर आरोप सुरू झाले. जुन्या लेखांत अशा रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के जणांच्या मेंदूत धमनीचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, असल्याचं सांगितलं जाई. पण पूर्वी अँजिओग्राफी व्हायची कुणाची? ज्याच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय आहे, त्याचीच. फुगे तिथे जास्त सापडणारच. १९९९ च्या एका अभ्यासात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सर्वसामान्यांइतकंच निघालं.

मग ही धमनी निरुपद्रवी म्हणायची का? बहुतेकांत, हो, उपचारही लागत नाहीत. क्वचित ती मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूवर दाबून चेहऱ्यात विजेसारखी कळ आणते, किंवा सहाव्यावर दाबून डोळा बाहेरच्या बाजूला वळू देत नाही. घोळ होतो तो मुख्यतः नकाशाचा. कॅरोटिडमधली गुठळी एरवी मेंदूच्या पुढच्या भागात अडकते. इथे ती या वाटेने मागे जाऊन मस्तिष्कस्तंभात (मेंदूच्या देठात) किंवा लहान मेंदूत पक्षाघात घडवते, आणि डॉक्टर व्हर्टिब्रल धमन्या तपासत बसतात. भाषेचं केंद्र कोणत्या बाजूला आहे हे पाहण्यासाठी कॅरोटिडमध्ये गुंगीचं औषध सोडतात, त्या वाडा चाचणीत तेच औषध मस्तिष्कस्तंभात उतरून श्वास थांबवू शकतं. काहींमध्ये तर ही धमनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या खोबणीतूनच जाते. नाकावाटे तिथली गाठ काढणाऱ्या सर्जनने आधीचा एमआरआय नीट पाहिला नसेल, तर पहिली भेट हत्याराच्या टोकाशी होते.