अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि वजन नियंत्रण

धान्य, तेलबिया, दूध यांसारख्या कच्च्या मालातून स्टार्च, तेल, प्रथिने आणि शर्करा वेगळ्या काढून, त्या कारखान्यात पुन्हा एकत्र करून आणि त्यांत रंग, स्वादद्रव्ये, पायसीकारके (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये) वा कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये मिसळून जे खाद्यपदार्थ बनवले जातात, त्यांना अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणतात. शीतपेये, पाकीटबंद चिप्स, क्रीमची बिस्किटे, झटपट नूडल्स आणि न्याहारीची गोड सीरियल्स ही त्याची परिचित उदाहरणे होत. असे अन्न सहज जास्त खाल्ले जाते आणि त्यामुळे वजन वाढते, असे निष्कर्ष अलीकडच्या संशोधनातून पुढे आल्याने वजन नियंत्रणाच्या चर्चेत त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे.

अन्नावर प्रक्रिया करणे ही मुळात दोषास्पद गोष्ट नव्हे. दळणे, शिजवणे, वाळवणे, खारवणे आणि आंबवणे या प्रक्रियांमुळेच माणसाला अन्न पचवता आणि साठवता आले. फ्रान्समधील निकोला आपेर याने हवाबंद भांड्यात अन्न तापवून टिकवण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली, तर दूध पाश्चरीकृत होऊ लागल्यावर त्यातून पसरणाऱ्या रोगांना मोठा आळा बसला. गोठवलेले वाटाणे किंवा साधे दही यांना ‘प्रक्रियायुक्त’ म्हणून नाकारणे हे अज्ञानच ठरेल. प्रश्न प्रक्रियेच्या प्रकाराचा आणि हेतूचा आहे.

हा भेद स्पष्ट करण्यासाठी ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लुस मोंतेइरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ पासून ‘नोव्हा’ हे वर्गीकरण विकसित केले. त्याच्या पहिल्या गटात फळे, भाज्या, धान्ये, कडधान्ये, दूध, अंडी असे मूळ स्वरूपातील किंवा किमान प्रक्रिया केलेले अन्न येते; दुसऱ्यात तेल, साखर, मीठ असे स्वयंपाकाचे घटक; तिसऱ्यात या दोहोंच्या साध्या संयोगातून झालेले चीज, ताजा पाव यांसारखे पदार्थ; आणि चौथ्यात अतिप्रक्रियायुक्त अन्न. घरच्या स्वयंपाकात सहसा न आढळणारी द्रव्ये घटकांच्या यादीत दिसली, की पदार्थ बहुधा चौथ्या गटातला असतो, ही ओळखण्याची व्यवहार्य खूण आहे. ब्राझील सरकारने २०१४ मध्ये आपली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे याच विचारावर आधारली.

वजनाशी असलेला संबंध बराच काळ केवळ निरीक्षणात्मक अभ्यासांवर अवलंबून होता. असे अन्न अधिक खाणाऱ्यांची आर्थिक स्थिती, झोप वा कामाचे स्वरूप हेही वेगळे असू शकते, त्यामुळे कार्यकारणभाव सिद्ध होत नव्हता. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. २० प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे किमान प्रक्रियेचा आहार देण्यात आला. ताटात वाढलेल्या उष्मांकांचे, साखरेचे, मेदाचे, तंतूंचे आणि सोडियमचे प्रमाण दोन्ही आहारांत जुळवलेले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होती. या आहारावर त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोग्रॅम वाढले आणि दुसऱ्यावर जवळपास तेवढेच घटले. विशेष म्हणजे दोन्ही आहार रुचकर असल्याचे त्यांनी सारख्याच प्रमाणात सांगितले होते. अधिक खाण्याचे खापर लोकांच्या जिभेच्या हावरेपणावर फोडणाऱ्या समजुतीला हा निष्कर्ष छेद देतो, आणि म्हणूनच, प्रयोग लहान व अल्पकालीन असूनही, तो मोलाचा आहे.

या फरकाची कारणे अन्नाच्या रचनेत शोधली जातात. त्यांतले पहिले म्हणजे ऊर्जाघनता. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यातून सुमारे ८५ किलोकॅलरी मिळतात, तर पाणी उडून जाऊन तेल शोषले गेल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या चिप्समधून ५०० हून अधिक मिळतात. जठराला मात्र मुख्यतः आकारमान जाणवते. दुसरे कारण खाण्याचा वेग. पेशींची मूळ रचना मोडून मऊ झालेले अन्न फारसे चावावे लागत नाही, आणि आतड्यांतून मेंदूकडे जाणारे तृप्तीचे संकेत प्रभावी होण्याआधीच पुष्कळ उष्मांक पोटात गेलेले असतात. हॉल यांच्या प्रयोगातही अतिप्रक्रियायुक्त जेवण अधिक भराभर खाल्ले गेले. गोड पेयांत हा दोष सर्वांत तीव्र असतो, कारण द्रवरूपात घेतलेल्या ऊर्जेची भरपाई म्हणून पुढच्या जेवणात आपण फारसे कमी खात नाही. प्रथिनांचे प्रमाण विरळ झाल्याने शरीर ती पुरेशी मिळेपर्यंत एकूण अन्नच जास्त घेते, असे गृहीतक स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर यांनी २००५ मध्ये मांडले.

नोव्हा वर्गीकरणावर आक्षेपही आहेत आणि ते गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. संपूर्ण धान्याचा पाकीटबंद पाव, फळांचा स्वाद दिलेले दही आणि शीतपेय यांना एकाच गटात बसवल्याने पोषणदृष्ट्या फार भिन्न पदार्थ एकत्र येतात. काम, वेळ आणि पैसा यांच्या ओढाताणीत तयार अन्नावर विसंबावे लागणाऱ्यांना या वर्गीकरणाने अपराधी वाटू नये, ही काळजीही रास्त आहे. ब्रिटनमध्ये ५५ प्रौढांवर झालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्ही आहार अधिकृत पोषणनिकषांत बसवलेले होते. तेव्हा दोन्ही आहारांवर वजन घटले, परंतु किमान प्रक्रियेच्या आहारावरील घट सुमारे दुप्पट होती. म्हणजे पोषणमूल्य आणि प्रक्रिया या दोहोंनाही महत्त्व आहे.

आहाराच्या ठरावीक पंथाला त्या मानाने कमी महत्त्व दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी मेदाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार घेण्यास सांगण्यात आले. दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खाण्याचा आणि वरून घातलेली साखर व मैदा टाळण्याचा सल्ला समान होता. वजन घटवण्यापेक्षा घटलेले टिकवणे अधिक अवघड असते, कारण वजन कमी झाले की शरीराचा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षाही घटतो आणि भूक वाढते. मेदपेशींतून स्रवणाऱ्या व १९९४ मध्ये शोध लागलेल्या लेप्टिन या संप्रेरकाची पातळी खालावणे हे त्यामागील एक कारण आहे. पुन्हा वजन वाढलेल्या माणसाला निर्धार नसल्याचे दूषण देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. प्रत्यक्षात गोड पेयांऐवजी पाणी घेणे, जेवणात कडधान्ये व भाज्यांचा वाटा वाढवणे आणि घरात सहज हाती लागणारे पदार्थ बदलणे हे उपाय उपाशी राहण्यापेक्षा अधिक काळ निभावतात. मधुमेहावर औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि खाण्याविषयीचे मनोविकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय आहारात मोठी कपात करू नये.

व्यक्तीच्या निवडीला बाजारपेठेची चौकट असते, म्हणून अनेक देशांनी धोरणात्मक उपाय योजले. मेक्सिकोने २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर कर बसवला. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले, मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध घातले आणि शाळांतील विक्री थांबवली. त्यानंतर गोड पेयांची खरेदी घटली. इशारा टाळण्यासाठी उत्पादकांनी साखरेच्या जागी कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये वापरल्याचेही दिसले. पाककृती बदलली, तरी पदार्थ अतिप्रक्रियायुक्तच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी अशी द्रव्ये वापरू नयेत अशी शिफारस केली असून, मेक्सिकोच्या २०२० पासूनच्या नियमांनुसार ती असलेल्या वेष्टनावर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ अशी सूचना छापावी लागते.