गुलाबी सोन्याच्या घड्याळाचा रंग का बदलतो?

पावसाळा सरला की गोव्यातल्या घड्याळजींच्या टेबलावर दोन तऱ्हेची रोझ गोल्ड घड्याळं येतात. एक गेल्या दिवाळीत घेतलेलं, पट्टा अडकवायच्या कानांपाशी पांढरं पडलेलं. दुसरं आजोबांचं, कपाटात ठेवल्या ठेवल्या काळपट झालेलं. दोन्ही वेळा खापर फुटतं ते दुकानदारावर. खरं तर ही दोन निरनिराळी दुखणी आहेत, आणि ती दोन निरनिराळ्या काळांतून आलेली आहेत.

शुद्ध सोनं पिवळंच असतं. गुलाबी रंग येतो तो हिणामुळे, म्हणजे त्यात मिसळलेल्या दुसऱ्या धातूंमुळे. 18 कॅरेट म्हणजे हजार भागांत 750 भाग सोनं. उरलेल्या 250 भागांत काय घालायचं यावर रंग ठरतो. स्विस घड्याळ उद्योगात 5 एन नावाचं जे मिश्रण रूढ आहे, त्यात 205 भाग तांबं आणि 45 भाग चांदी असते. तांबं आणि चांदी निम्मी निम्मी, म्हणजे 125-125 भाग घातली, की तेच 18 कॅरेट सोनं पिवळं दिसतं. कस तोच, भावातही फारसा फरक नाही, फक्त तांब्याचा हात सैल सोडला.

तांबं घालण्याची रीत सुरुवातीला रंगासाठी नव्हतीच. शुद्ध सोनं मऊ. हाताळून हाताळून नाणं झिजतं. म्हणून ब्रिटिश सॉव्हरिन 22 कॅरेटचं पाडत आणि त्यात हीण तांब्याचं असे, त्यामुळे त्याला लालसर झाक. आपल्याकडच्या पुतळीमाळेतली पुतळी ज्या व्हेनिसच्या डुकाटवरून आली, ते नाणं मात्र जवळजवळ निर्भेळ सोन्याचं, लख्ख पिवळं. पुतळ्या पाहत वाढलेल्या डोळ्यांना तांबूस सोनं कसात कमीच वाटणार. आजही पेढीवर रोझ गोल्डची अंगठी दाखवली की घरातली वडीलधारी बाई आधी कॅरेट विचारते, ते उगीच नाही.

तांबूस रंगाचं कौतुक झालं ते रशियात, 19व्या शतकात. इतकं, की पश्चिम युरोपात या सोन्याला रशियन सोनंच म्हणू लागले. सोव्हिएत काळातही तिथे 14 कॅरेटचं लालसर सोनं चाले आणि त्यावर 583 हा आकडा ठोकलेला असे. गोव्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर येणाऱ्या एखाद्या रशियन आजीच्या बोटात अजूनही तशी अंगठी दिसून जाते. पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यानं 1924 मध्ये पांढऱ्या, पिवळ्या आणि गुलाबी सोन्याच्या तीन कड्यांची अंगठी काढली. पुढे दुसऱ्या महायुद्धात प्लॅटिनम युद्धसामग्रीकडे वळलं आणि दागिन्यांबरोबर मनगटी घड्याळांतही गुलाबी सोनं भरपूर दिसू लागलं.

गोव्यात अशी घड्याळं आली ती तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या पेटाऱ्यांतून, आफ्रिकेत आणि आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून. 1950 च्या दशकाच्या मध्यावर भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारनं बाहेरून माल आणायला मोकळीक दिली. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट असल्या जिनसांनी बाजार भरला. परदेशी घड्याळाची अपूर्वाई सीमेपलीकडच्या सावंतवाडी-बेळगावला जितकी होती तितकी पणजी-मडगावला उरली नाही.

त्या काळातली बहुतेक 'सोन्याची' घड्याळं भरीव सोन्याची नव्हती. जुनं घड्याळ उलटं करून बघा. मागचं झाकण बहुधा स्टीलचं असतं, आणि झाकणावर किंवा कानांच्या मागे बारीक अक्षरांत 10 किंवा 20 मायक्रॉन असा शिक्का असतो. म्हणजे घड्याळाच्या पितळी डबीवर तेवढ्या जाडीचा सोन्याचा थर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकी घड्याळांत सोन्याचा पत्राच पितळेवर दाबून बसवत. रोलगोल्ड हा आपल्या ओळखीचा प्रकार त्यातलाच. 20 मायक्रॉन हा थर तसा दणकट, रोज वापरूनही वर्षानुवर्षं टिकतो. झिजतो तो ठरावीक जागी: कानांच्या टोकांना, चावीच्या शेजारी, मनगटाला घासणाऱ्या कडेला. तिथं पितळ उघडं पडलं की घाम आणि खारी हवा आपलं काम सुरू करतात, पितळ कळकतं आणि कडेला हिरवट पूड जमते. याला सोनं काळं पडणं म्हणता येणार नाही, कारण त्या जागी सोनं उरलेलंच नसतं.

गोवा मुक्त झाल्यावर साधारण वर्षभरानं, जानेवारी 1963 मध्ये, तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला. 14 कॅरेटहून जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी. देशभरातल्या सोनारांच्या पोटावर पाय आला आणि गिऱ्हाइकांनी 14 कॅरेटला कधीच आपलं म्हटलं नाही. 14 कॅरेटमध्ये हजारातले सुमारे 417 भाग हीण. त्यात तांबं जास्त असेल तर दागिना घामानं लवकर मळतो आणि अंगाला डागही पाडतो. कॅरेटची ती अट काही वर्षांतच गेली, कायदा मात्र 1990 पर्यंत राहिला. लाल सोन्याविषयीची आपली अढी त्या वर्षांत आणखी घट्ट झाली असावी, असं माझं मत.

आता भरीव गुलाबी सोन्याकडे. चिंचेनं घासलेलं तांब्याचं भाण दोन दिवसांत पुन्हा तपकिरी पडतं. 18 कॅरेटमधलं तांबंही त्याच वाटेनं जातं, फक्त सोन्यानं वेढलेलं असल्यामुळे फार सावकाश. हवेतल्या ऑक्सिजननं लालसर-तपकिरी थर धरतो, गंधकानं काळपट. गंधक कुठून येतं? ओहोटीला खारफुटीच्या चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. घरातल्या घरात म्हणाल तर रबर. जुनं घड्याळ रबरबँड गुंडाळून पेटीत ठेवायची सवय अनेकांना आहे, आणि रबर टिकाऊ करायला गंधकच वापरतात. कपाटातलं घड्याळ न वापरता काळवंडतं, त्याचं उत्तर पुष्कळदा त्या रबरबँडात सापडतं.

भरीव गुलाबी सोन्याचंच दुसरं दुखणं याच्या अगदी उलट. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार पृष्ठभागावरचं तांबं हळूहळू ओढून नेतात. मग मागे राहतं ते वरचं सोनं, आणि घड्याळ फिकट, पिवळसर दिसू लागतं. थर अगदी पातळ असतो, पॉलिश केलं की खालचा गुलाबी रंग पुन्हा वर येतो. पण प्रत्येक पॉलिशला थोडं सोनं जातं, डबीच्या धारा गोल होतात, शिक्के पुसट होतात. जुन्या घड्याळांचे शौकीन म्हणूनच पॉलिशवाल्यापासून चार हात लांब राहतात, आणि मला त्यांचं पटतं. काळपटपणा असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. तेसुद्धा घड्याळात पाणी शिरत नाही याची खात्री असेल तरच. चिंच-लिंबू भाणालाच राहू द्यावं.

रंग उडण्याच्या या दुखण्यावर रोलेक्सनं 2005 मध्ये स्वतःचं पेटंट घेतलेलं मिश्रण आणलं, एव्हरोझ. त्यात तांब्याच्या जोडीला थोडं प्लॅटिनम असतं, आणि त्यामुळे गुलाबी रंग टिकतो असं कंपनी सांगते. ओमेगानं पुढे सेडना गोल्डमध्ये त्याच कामासाठी पॅलेडियम घातलं. हुब्लोच्या किंग गोल्डमध्येही प्लॅटिनम आहे.

दिवाळीत घेतलेल्या घड्याळाचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही. 2015 मध्ये ॲपलनं रोझ गोल्ड रंगाचा फोन काढला आणि तो रंग दुकानादुकानांत पोचला. त्या फोनात सोनं नव्हतं, रंगवलेलं ॲल्युमिनियम होतं. आज काउंटरवरच्या बहुतेक गुलाबी घड्याळांची डबी स्टीलची असते आणि रंग निर्वात पेटीत बाष्परूपानं चढवलेला असतो. टायटॅनियम नायट्राइडचा थर सोनेरी दिसतो, त्यात कार्बन मिसळला की तांबूस. हा थर कठीण असतो, सहसा काळवंडत नाही, पण साधारण एखाद्या मायक्रॉनच्या घरातला, स्वस्त मालात त्याहूनही पातळ. दुचाकीच्या हँडलला, टेबलाच्या कडेला घासून तो गेला की खालचं पांढरं स्टील दिसतं. अशा डबीवर जुन्या पद्धतीचा सोन्याचा मुलामा चढवून घेता येतो, पण नेमका तोच गुलाबी रंग जुळणं अवघड, आणि पट्टाही त्याच रंगाचा असेल तर दोन छटा शेजारी शेजारी डोळ्यांत खुपतात. शिवाय मुलाम्याचा खर्च आणि घड्याळाची किंमत यांची तुलना केली की बहुतेक गिऱ्हाइकं नवा पट्टा घालून तेच घड्याळ परत घेऊन जातात.