उडत्या गालिच्याचे सिनेमे: परळ ते चेंबूर, थोडी पार्श्वभूमी

'अरेबियन नाइट्स'मधल्या अलीबाबा, अल्लादीन, सिंदबाद यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, त्या परत सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा की अल्लादीन आणि अलीबाबा या दोन सगळ्यात गाजलेल्या गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हत्याच. १७०९ साली पॅरिसमध्ये अलेप्पोहून आलेल्या एका तरुणाने त्या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितल्या आणि त्याने त्या आपल्या पुस्तकात घातल्या. हातिमताई तर त्या पुस्तकातला अजिबातच नाही, तो फारसी-उर्दू किश्श्यांतून आलाय. मराठीत १८६१ पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' निघायला लागल्या आणि आपल्याकडे घरोघरी तेच नाव रुळलं. पण माझा विषय पुस्तकं नाही, सिनेमे आहेत, आणि त्यातही मुंबईत बनलेले, कारण 'अरेबियन नाइट्स'चे जुने सिनेमे म्हटलं की लोक लगेच हॉलिवूडची यादी काढतात आणि चेंबूरच्या बसंत स्टुडिओचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

हॉलिवूडचा वाटा मोठा आहेच, नाही कोण म्हणतंय. १९२४ चा डग्लस फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद' आपल्याकडे तुफान चालला आणि इथल्या स्टुडिओवाल्यांनी तो डोळ्यांत तेल घालून बघितला. पुढे १९४० चा त्याच नावाचा रंगीत सिनेमा आला, ज्यात चोर झालेला साबू हा म्हैसूरजवळच्या कारापूरचा, माहुताचा पोरगा. तो सिनेमा ब्रिटनमध्ये सुरू झाला, मध्येच महायुद्ध पेटलं म्हणून सगळा बाडबिस्तरा घेऊन अमेरिकेत गेला, दिग्दर्शक म्हणून तिघांची नावं लागली आणि कॅमेरा, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी तीन ऑस्कर मिळाली. डिस्नेच्या १९९२ च्या कार्टूनमधला दुष्ट वजीर जाफर आणि अबू नावाचं माकड, ही दोन्ही नावं थेट इथूनच उचललेली आहेत.

पण आपल्याकडे हे खूळ त्याच्याही आधीचं. कलकत्त्यात १९०३ मध्येच रंगभूमीवरचा अलीबाबा कॅमेऱ्यात पकडला गेला होता. मुंबईत १९२७ च्या मूक 'अलीबाबा'त चाळीस चोरांपैकी एक म्हणून रांजणात बसलेला एक्स्ट्रा पोरगा म्हणजे पुढचा मेहबूब खान, आणि १९४० मध्ये त्याने स्वतःच 'अलीबाबा' दिग्दर्शित केला. ट्रिक फोटोग्राफी म्हणाल तर ती फाळक्यांपासूनच होती, 'लंकादहन', 'कालिया मर्दन' आठवा. म्हणजे गोष्टी होत्या, ट्रिका होत्या, पारशी थिएटरची गाणी आणि पडदे होते. हे सगळं एका छपराखाली कुणीतरी वर्षानुवर्षं चिकाटीने करायला हवं होतं, ते वाडिया बंधूंनी केलं.

थोरले जेबीएच वाडिया शिकलेले, लिहिणारे, फेअरबँक्सचे भक्त. धाकटे होमी वाडिया हाताने काम करणारे, कॅमेरा आणि यंत्रात रमणारे. १९३३ मध्ये वाडिया मूव्हिटोन सुरू झालं ते परळला, घराण्याच्या जुन्या वाड्यात, लवजी कॅसलमध्ये. पहिला बोलपट 'लाल-ए-यमन', म्हणजे राजपुत्र, सावत्र आई, फकीर, जिन्न सगळा मसाला. दोन वर्षांनी 'हंटरवाली' आला, त्यातली मारामारी करणारी नायिका नादिया स्टार झाली आणि कंपनी स्टंटची कंपनी म्हणून ओळखली जायला लागली.

आता १९४२. या सालाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण पुढचं सगळं इथून फुटतं आणि यावर अजूनही लोक वेगवेगळं बोलतात. थोरल्यांना स्टंट आणि जादूच्या सिनेमांचा कंटाळा आला होता म्हणा किंवा त्यांना प्रतिष्ठा हवी होती म्हणा, १९४१ मध्ये त्यांनी 'राजनर्तकी' काढला, हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत, साधना बोस आणि पृथ्वीराज कपूर घेऊन. आणि गंमत बघा, साधना बोस आणि तिचा दिग्दर्शक नवरा हे जोडपं बंगालमध्ये कशामुळे गाजलं होतं? १९३७ च्या 'अलीबाबा'मुळे! म्हणजे ज्या अरबी गोष्टीने त्यांना नाव दिलं तिच्याकडे पाठ फिरवून भारी सिनेमा करायला ते परळला आले. धाकट्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, पब्लिक ज्यासाठी तिकीट काढतं ते सोडायचं कशाला. दोघं वेगळे झाले, धाकट्यांनी १९४२ मध्येच बसंत पिक्चर्स काढली, आणि लवजी कॅसलची जागा व्ही. शांताराम बापूंकडे गेली. आपण मराठी लोक त्यांच्या ज्या राजकमल स्टुडिओचा अभिमान बाळगतो त्याच आवारात आधी यमनचे राजपुत्र आणि जिन्न वावरत होते, हे किती जणांना माहितेय?

काही जण सांगतात की भांडण पैशाचं आणि भागीदारीचं होतं, आवडीनिवडीचं नव्हतं. असेलही, धंद्यात पैसा असतोच. पण दोघांनी त्या काळात काय काढलं ते शेजारी ठेवून बघितलं तर मला तरी आवडीचा प्रश्न मोठा वाटतो. धाकट्यांनी १९४३ मध्ये लगेच 'हंटरवाली की बेटी' काढला, म्हणजे जे सोडायला सांगितलं जात होतं तेच छातीठोकपणे पुढे चालू ठेवलं. आणि या फुटीत एक समज कायमची पक्की झाली, की सामाजिक सिनेमा म्हणजे चांगला आणि जादूचा म्हणजे पोरासोरांचा, खालच्या दर्जाचा. ही वाटणी पब्लिकने केली नव्हती, ती धंद्यातल्या आणि लिहिणाऱ्या लोकांनी केली आणि नंतर सिनेमाचा इतिहास लिहिणारे बरेचसे तीच री ओढत राहिले. मला हे चूक वाटतं, आणि का ते पुढे कळेल.

१९४७ मध्ये चेंबूरला बसंत स्टुडिओ उभा राहिला आणि इथून खरा बहर. १९५२ चा 'अल्लादीन और जादुई चिराग', महिपाल आणि मीनाकुमारी. त्याच वर्षी मीनाकुमारीचा 'बैजू बावरा' आला आणि ती कुठल्या कुठे गेली, पण तिचं पडद्यावरचं वळण बसलं ते बसंतच्या 'गणेश महिमा', 'हनुमान पाताल विजय' आणि या अल्लादीनमध्ये. १९५४ चा 'अलीबाबा और ४० चोर', महिपाल आणि शकिला. शकिलाची वर्षं बघा, १९५४ मध्ये एकीकडे 'अलीबाबा' आणि दुसरीकडे 'आर पार', १९५६ मध्ये एकीकडे 'हातिमताई' आणि दुसरीकडे 'सीआयडी'. दोन्हीकडे तीच पोरगी, तोच चेहरा, पण लेख येतात ते फक्त टॅक्सी आणि मुंबईच्या रस्त्यांवरच्या सिनेमांवर. बसंतच्या बाहेरही चाललंच होतं, १९५२ मध्ये नानाभाई भट्टांनी 'सिंदबाद द सेलर' काढला होता, आणि तिकडे सेलमला १९५६ मध्ये तमिळ स्टार एमजीआरचा अलीबाबा आला, तो तमिळमधला पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सिनेमा.

आणि १९५६ चा 'हातिमताई'. माझ्या मते हा या सगळ्यांचा मुकुटमणी. जयराज, शकिला, गेवाकलर फिल्मचे रंग, एस. एन. त्रिपाठींचं संगीत, रफीचं 'परवरदिगार-ए-आलम'. त्या वेळी टेक्निकलर म्हणजे खास मोठा कॅमेरा आणि अफाट खर्च, गेवाकलर मात्र साध्या कॅमेऱ्यात चालायचा म्हणून मधल्या बजेटच्या माणसाला रंग परवडायला लागला. हातिम सात सवालांच्या मागे रानोमाळ फिरतो आणि दर सवालाला नवा प्रदेश, नवा रंग, नवा राक्षस. सेट पुठ्ठ्याचा आहे हे दिसतं, मान्य, पण त्या परीच्या दरबारातला गुलाबी-निळा उजेड बघताना तो पुठ्ठा आहे याने काही फरक पडत नाही.

यामागचा हात बाबूभाई मिस्त्रींचा. मूळचे सुरतचे, १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त अदृश्य माणूस दाखवायचा होता, तिथे त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या आणि इंडस्ट्रीत त्यांना 'काला धागा' हेच नाव पडलं. दोरा दिसू नये म्हणून लाइट कुठून आणि किती टाकायचा यातच सगळी कला होती, जरा इकडचा उजेड तिकडे झाला की दोरा चमकला आणि शॉट गेला. दुसरी ट्रिक मास्कची. लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, उघड्या अर्ध्यात हिरो शूट करायचा, मग अंधारात फिल्म बरोबर तेवढीच मागे फिरवायची, आता दुसरा अर्धा उघडायचा आणि त्यात जिन्न शूट करायचा. कॅमेरा केसभर हलला तर मध्ये रेघ दिसणार, आणि हिरोने हवेत कुठे बघायचं ते आधीच ठरवून ठेवायचं कारण समोर कुणीच नसतं. १९४२ च्या 'मुकाबला'मध्ये नादियाचा डबल रोल याच धाटणीने झाला. यात कॉम्प्युटर नाही, परत बघायची सोय नाही, निगेटिव्ह धुऊन आल्यावरच कळणार की जमलं की मेहनत पाण्यात गेली. रंगीत फिल्मवर तर हे आणखी अवघड, कारण दोन्ही वेळचा उजेड जुळला नाही तर एकाच चौकटीत दोन वेगळे रंग दिसतात. हे खालच्या दर्जाचं काम कसं काय?

अजून एक गोष्ट जी क्वचितच बोलली जाते. ज्या स्टुडिओत हनुमान उडायचा त्याच स्टुडिओत गालिचा उडायचा, तीच दोरी, तेच कारागीर. महिपाल अल्लादीन झाला, अलीबाबा झाला आणि १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये राम झाला, दिग्दर्शक बाबूभाईच. 'हातिमताई'त अल्लाची आळवणी बांधणारे त्रिपाठी बसंतच्याच पौराणिक सिनेमात हनुमानाचं काम करायचे. पब्लिकला यात काही खटकलं नाही, जत्रेतल्या तंबूत आज 'अलीबाबा' तर उद्या 'हनुमान' लागायचा आणि गर्दी तीच असायची. आजच्या घडीला मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

१९५८ मध्ये हॉलिवूडचा ट्रिकवाला रे हॅरीहाउसन याचा सिंदबाद आला, एकडोळ्या राक्षस आणि तलवारबाज सांगाडा घेऊन, एकेक फ्रेम बाहुली हलवून शूट केलेला. तो ग्रेटच आहे. पण त्याला कारागिरी म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि दोनच वर्षं आधीच्या चेंबूरच्या कामाला भाबडं म्हणून सोडून द्यायचं, हा न्याय नाही.

१९६० नंतर पाणी ओसरायला लागलं. १९६३ चा 'पारसमणी' बाबूभाईंचाच, त्यातून लक्ष्मीकांत-प्यारेलाल आले आणि 'हंसता हुआ नूरानी चेहरा' घराघरात वाजलं, पण सिनेमाचं नाव गाण्यापुरतंच उरलं. १९६४ मध्ये धाकट्या वाडियांचा 'चार दरवेश' आला. मग मोठे स्टार, मोठे रंगीत रोमान्स, परदेशी लोकेशन्स यापुढे परीकथेला पैसा मिळेना. १९८० चा धर्मेंद्र-हेमामालिनी-झीनतचा 'अलीबाबा और ४० चोर' मात्र वेगळाच प्रकार, सोव्हिएत लोकांबरोबर मिळून केलेला, उझबेकिस्तानात शूटिंग, म्हणजे पहिल्यांदाच पुठ्ठ्याच्या ऐवजी खऱ्या मध्य आशियातल्या भिंती दिसल्या. मग १९९३ पासून दूरदर्शनवर 'अलिफ लैला', आणि आता चाळिशीत असलेल्या बऱ्याच जणांची या गोष्टींची आठवण तिथूनच सुरू होते.

आज 'हातिमताई' बघायचा म्हणजे नेटवरची धुरकट कॉपी. गेवाकलरसारख्या फिल्मचे रंग वर्षांनुवर्षं उडत जातात, निळा जातो, सगळं तांबूस होतं, आणि नवा माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं की हा सिनेमा असाच मळकट होता. सामाजिक सिनेमांचे जुने प्रिंट साफ करून पुन्हा थिएटरात लागतात, त्यांचे सोहळे होतात. त्या रांगेत बसंतच्या सिनेमांनाही जागा मिळायला हवी, आणि पहिला नंबर 'हातिमताई'चा, कारण त्यात रंग हीच अर्धी गोष्ट आहे.