मोशन ग्राफिक्स टेम्पलेटमधील गहाळ मीडिया

अडोबीच्या प्रीमिअर प्रो (व्हिडिओ एडिटिंगचे) किंवा आफ्टर इफेक्ट्स (हलत्या ग्राफिक्सचे) या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले टेम्पलेट, म्हणजे मजकूर-फोटो बदलून पुन्हा वापरता येणारा हलता साचा (एडिटरांच्या बोलण्यात 'मोगर्ट'), दुसऱ्या संगणकावर नेल्यावर त्यातील फोटो, व्हिडिओ, लोगो किंवा अक्षरे न सापडण्याचा दोष. प्रीमिअरमध्ये क्लिपच्या जागी 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी येते, आफ्टर इफेक्ट्समध्ये रंगीत पट्टे दिसतात. खानदेशात लग्नाचे शूटिंग शहाद्याला आणि एडिटिंग धुळ्याला किंवा जळगावला, असे सर्रास चालते. अहिराणी गाण्यांच्या यूट्यूब चॅनलांचे प्रोजेक्टही एका एडिटरकडून दुसऱ्याकडे पेनड्राइव्हवर फिरतात. त्यामुळे लग्नसराईत ही तक्रार वाढते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी प्रोजेक्ट उघडताना गहाळ फाइल विचारणारी 'लिंक मीडिया'ची खिडकी कोणत्या नावाची आणि कोणत्या प्रकारची फाइल मागते आहे ते वाचावे. निम्मे निदान तिथेच होते. बहुतेक जण खिडकी न वाचताच 'ऑफलाइन ऑल' दाबतात आणि टेम्पलेट विकणाऱ्याला दोष देतात.

मोगर्ट ही २०१७ पासून वापरात आलेली फाइल प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा असते. एक्स्टेन्शन बदलून झिप केले की आत नियंत्रणांची जेसन (मजकुराच्या रूपातील नोंदींची) फाइल, नमुना चित्र आणि मूळ प्रोजेक्ट सापडतो. हा प्रोजेक्ट आफ्टर इफेक्ट्सचा असेल तर एईग्राफिक आणि प्रीमिअरचा असेल तर पीआरग्राफिक प्रकारचा असतो. टेम्पलेटमध्ये वापरलेले फुटेज निर्यात करतानाच या गठ्ठ्यात बांधले जाते. म्हणून मोगर्ट धड पोचली असेल तर तिच्या पोटातले फुटेज सहसा हरवत नाही.

हरवते ती सोडवलेली प्रत. टेम्पलेट टाइमलाइनवर (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर) टाकताच प्रीमिअर गठ्ठा सोडवून 'मोशन ग्राफिक्स टेम्पलेट मीडिया' नावाच्या फोल्डरात ठेवतो आणि पुढे टाइमलाइन त्या प्रतीकडेच पाहते, मूळ मोगर्टकडे नाही. देताना मात्र प्रोजेक्ट फाइल आणि कॅमेऱ्याचे क्लिप तेवढे दिले जातात, हे फोल्डर मागेच राहते. खिडकी एईग्राफिक मागत असेल तर कारण हेच समजावे. पहिल्या संगणकावरून हे फोल्डर आणून प्रोजेक्ट फाइलशेजारी ठेवावे आणि 'लोकेट'ने एक फाइल दाखवावी. 'रिलिंक अदर्स ऑटोमॅटिकली'वर खूण असल्यास बाकीच्या आपोआप जुळतात. फोल्डर प्रोजेक्टशेजारी सापडले नाही तर प्रोजेक्ट सेटिंग्जमधील 'स्क्रॅच डिस्क' हा विभाग पाहावा, फोल्डरची जागा तिथे ठरते. पहिला संगणक फॉरमॅट झाला असेल तर तीच मोगर्ट पुन्हा इन्स्टॉल करून नवी क्लिप टाकावी आणि मजकूर नव्याने भरावा. वेळ जातो, पण मार्ग खात्रीचा आहे.

खिडकी जेपीजी किंवा एमपी४ मागत असेल तर प्रकरण वेगळे. बदलता येणाऱ्या चौकटीत वापरणाऱ्याने टाकलेला वधूवरांचा किंवा खानदेशातील देवी कानबाईच्या उत्सवाचा फोटो टेम्पलेटचा भाग नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला तर नाव बदलते आणि दर्जाही घटतो, मग नावावरून शोध लागत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास दोन्ही टिकतात. सगळेच क्लिप एकदम ऑफलाइन दिसले तर बाहेरच्या हार्ड डिस्कचे अक्षर ई ऐवजी एफ झाले आहे का ते आधी पाहावे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जुने अक्षर दिले की पुष्कळदा काम होते. विंडोजची मार्गाच्या लांबीची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही आड येते. सोडवलेल्या टेम्पलेटची फोल्डरे लांबलचक नावांची असतात. ती डेस्कटॉपवरील चार फोल्डरांच्या पोटात ठेवली की नक्कल अर्धवट होते. प्रोजेक्ट थेट ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवावा.

अक्षरांचा घोटाळा मराठी कामात सर्वांत चिवट. फाँट मोगर्टमध्ये बांधला जात नाही. अडोबी फाँट्सचा असेल तर तो मिळवता येतो, बाकीचे हाताने बसवावे लागतात. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेले 'शुभविवाह' तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन चिन्हांचा गिचका होऊन दिसते. इथे गहाळ फुटेज शोधण्यात अर्थ नाही. मुक्ता, बालू किंवा नोटो देवनागरी हे मुक्त परवान्याचे युनिकोड फाँट वापरावेत आणि फाँटची फाइल सोबत द्यावी. फाँट असूनही जोडाक्षरे सुटी पडत असतील किंवा पहिली वेलांटी भलत्या जागी जात असेल, तर टेक्स्ट इंजिन (अक्षरे जुळवणारा भाग) लॅटिनवर आहे. पसंतींमध्ये पर्याय असेल तिथे 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडून मजकूर पुन्हा टाइप करावा.

टेम्पलेट बनवणाऱ्याच्या बाजूने आफ्टर इफेक्ट्सच्या फाइल मेनूतील 'डिपेन्डन्सीज'मध्ये गहाळ फुटेज, फाँट आणि इफेक्ट शोधण्याच्या तीन वेगळ्या आज्ञा आहेत. तिन्ही चालवूनच निर्यात करावी. बाहेरचे प्लगइन (वेगळे बसवलेले जोड-सॉफ्टवेअर) वापरले असेल तर समोरच्याकडेही ते आणि आफ्टर इफेक्ट्स लागते. निर्यातीच्या खिडकीतील सूचना देणाऱ्या खुणा काढून टाकू नयेत. नव्या आवृत्तीतली मोगर्ट जुन्या प्रीमिअरमध्ये उघडत नाही, त्याला फाइल जुळवून काही होत नाही.

प्रीमिअरच्या प्रोजेक्ट मॅनेजरने (प्रोजेक्टच्या फाइली एकत्र करणाऱ्या सोयीने) गोळा केलेल्या फोल्डरात एईग्राफिक आल्या की नाही, हे स्वतः उघडून पाहावे. समोरच्याला मजकूर बदलायचा नसेल तर टेम्पलेटऐवजी पारदर्शक थरासह प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ प्रकारातली क्लिप देणे सोपे. एच २६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात पारदर्शकता राहत नाही, मागे काळी पार्श्वभूमी येते. अशा क्लिपमध्ये नवरदेवाचे नाव चुकले असेल तर मात्र ती मूळ संगणकावरूनच पुन्हा काढून घ्यावी लागते.