तान्ह्या बाळाची कवटी फोडणाऱ्याला बंदूक मिळालीच कशी?

५ नोव्हेंबर २०१७, रविवार. टेक्सासमधलं सदरलँड स्प्रिंग्स नावाचं एवढंसं गाव, चर्चमध्ये प्रार्थना चालू होती आणि एक माणूस रायफल घेऊन आला. २६ जण गेले, त्यात एक आईच्या पोटातलं बाळ पण धरलंय.

पण मला सांगायचंय ते पाच वर्षं आधीचं. हा माणूस अमेरिकन एअर फोर्समध्ये होता, आणि बायकोला नि सावत्र मुलाला मारहाण केली म्हणून २०१२ ला लष्करी कोर्टाने त्याला वर्षभर आत टाकलं होतं. मुलगा तान्हा होता हो, त्याची कवटी फ्रॅक्चर झाली होती.

अशा माणसाला तिथे बंदूक ठेवताच येत नाही, १९६८ पासून तसा कायदा आहे. १९९६ ला लॉटेनबर्ग दुरुस्ती आली, मग घरातल्या माणसावर हात उचलल्याचा किरकोळ गुन्हा सिद्ध झाला तरी बंदी, आणि आईबापाने पोराला मारणं पण त्यात येतं. हे उगाच नाही केलेलं. २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की मारकुट्या नवऱ्याच्या हाताशी बंदूक असली की बायकोचा खून होण्याचा धोका साधारण ५ पट होतो.

मग यालाच कशी मिळाली? दुकानात फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या सिस्टिमला विचारतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. पण ती सिस्टिम माणूस ओळखत नाही, तिच्यात कोणी नोंद टाकली असेल तरच तिला कळणार! एअर फोर्सने बोटांचे ठसे पाठवायच्या ४ संधी आणि निकाल कळवायच्या २ संधी घालवल्या, असं चौकशीत निघालं. सिस्टिमला काहीच सापडलं नाही आणि त्याला बंदुका मिळाल्या. २०२१ ला फेडरल जजने एअर फोर्सला ६० टक्के जबाबदार धरलं, ते योग्यच झालं असं मला वाटतं.

एक भोक अजून आहेच, आणि माझ्या मते तेच जास्त भयंकर. मुलांच्या छळाच्या कितीतरी केसेस फौजदारी कोर्टात जातच नाहीत, बालसंरक्षण खात्यातच राहतात. खात्याने छळ झाला असं लिहून ठेवलं तरी नुसतं तेवढ्यावर केंद्राच्या कायद्याने बंदी लागत नाही, गुन्हा सिद्ध व्हावा लागतो नाहीतर कोर्टाचा मनाई हुकूम लागतो. म्हणजे पोराच्या मोडलेल्या हाडाचा एक्स-रे खात्याच्या फाइलमध्ये, आणि बाप दुकानात फॉर्म भरतोय.