कवटी-आकार शस्त्रक्रिया

कवटीचे हाड तासून, त्यावर भर घालून किंवा त्याचे तुकडे नव्याने जोडून डोक्याचा बाह्य आकार बदलण्याची शस्त्रक्रिया. फ्रेंच शल्यविशारद पॉल तेसिए यांनी १९६०च्या दशकात कवटी व चेहऱ्याच्या हाडांवरील शस्त्रक्रियेचा पाया घातला. त्यांचे काम जन्मजात व्यंगांवरच्या उपचाराचे होते. केवळ देखणेपणासाठी कवटीला हात घालणे नंतर आले.

उपचार आणि हौस यांतली सीमा गोव्यात अनेकदा बाळंतिणीच्या खोलीतच पुसट होते. बाळाला न्हाऊ घालणारी वैजीण खोबरेल चोळताना तळव्याने डोके ‘गोल’ करते, डोक्याखाली मोहरीची उशी येते. प्रत्यक्षात, उताणे निजल्याने चपटी झालेली मागची बाजू मूल पालथे पडू लागले, बसू लागले की बहुधा आपोआप भरते. टाळूवर दाब देणे योग्य नाही, आणि तान्ह्याच्या झोपेत उशी नसलेलीच बरी. कवटीची शिवण (हाडांमधला सांधा) वेळेआधी जुळणे हा मात्र वेगळा आजार आहे. सुमारे २,००० ते २,५०० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, मालीश करून हटत नाही आणि मेंदूवरचा दाब वाढवू शकतो. त्याची शस्त्रक्रिया साधारणतः पहिल्या वर्षातच करतात. डोके वाकडे दिसले तर आधी बालरोगतज्ज्ञ गाठावा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) न्यूरोसर्जरी व प्लास्टिक सर्जरी हे दोन्ही विभाग आहेत. १८४२ साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा हे महाविद्यालय सांगते.

प्रौढांत सपाट मागची बाजू उचलण्यासाठी हाडावर बोन सिमेंट (लावल्यावर घट्ट होणारा लेप) किंवा मापाने घडवलेले रोपण बसवतात. दक्षिण कोरियात याला बरीच मागणी आहे. किती उंची मिळेल, हे डोक्याची कातडी किती ताणते यावर ठरते. उंचवटा कमी करायचा तर हाडाचा फक्त बाहेरचा पदर, तोही काही मिलिमीटरच, तासता येतो. त्याआधी सीटी स्कॅनवर जाडी मोजतात.

संसर्ग, रक्तस्राव, बधिरपणा आणि रोपण सरकणे हे धोके जाहिरातीत क्वचितच दिसतात. संसर्ग झाल्यास रोपण काढावेही लागते. दात किंवा केशरोपणासाठी गोव्याची सहल जोडून येणाऱ्यांना ही शस्त्रक्रिया त्याच यादीत बसवता येत नाही, कारण नंतरच्या तपासण्या बराच काळ चालतात आणि व्रण केसांत लपवलेला असला तरी टक्कल पडू लागले की उघडा पडतो.