आयपी डेस्क फोन

आयपी डेस्क फोन म्हणजे ऑफिसच्या टेबलावरचा असा फोन जो टेलिफोनच्या दोन तारांवर न चालता कॉम्प्युटरच्या लॅन केबलवर चालतो आणि आवाज डेटाच्या पाकिटांमधून पाठवतो. दिसायला नेहमीचाच, रिसीव्हर आहे, आकड्यांची बटणं आहेत, पण आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला स्वतःचा आयपी ॲड्रेस असतो, सॉफ्टवेअरचे अपडेट येतात आणि कधी अडकला तर रीस्टार्टही मारावा लागतो. महापे, ऐरोली, वाशी, ठाण्याचं वागळे इस्टेट, कुठेही आज नवीन ऑफिस घेतलं की जुन्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, वायरी ओढण्यापेक्षा लोक सरळ हेच फोन लावतात, कारण लॅन तर टाकायचीच असते.

घेताना बहुतेक जण स्क्रीन किती मोठी आणि रंगीत आहे का ते बघतात. माझं मत असं की फोन आधी उलटा करून मागची बाजू बघावी, खरी किंमत तिथे असते. मागे दोन लॅन पोर्ट असतात, एकात भिंतीकडून आलेली केबल जाते आणि दुसऱ्यातून, ज्यावर पीसी लिहिलेलं असतं, शेजारच्या कॉम्प्युटरला नेट जातं, म्हणजे एका टेबलाला एकच पॉइंट पुरतो. एमआयडीसीतल्या जुन्या गाळ्यात जिथे भिंत फोडायची सोय नसते तिथे याचा फार उपयोग होतो. पण स्वस्त मॉडेलमध्ये हे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, मग स्विच, म्हणजे सगळ्या लॅन केबल जिथे जोडतात तो डबा, गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असला तरी फोनच्या मागे लावलेल्या कॉम्प्युटरला १०० च्या वर स्पीड मिळतच नाही, आणि अकाउंट्सवाले सर्व्हर स्लो झाला म्हणून ओरडत बसतात. म्हणून फोन गिगाबिटचाच घ्यावा, किमतीत फरक फार नसतो.

दुसरी बघायची गोष्ट पीओई, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज. याचं ८०२.३ एएफ हे स्टँडर्ड २००३ साली आलं, त्यात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देऊ शकतो आणि साध्या फोनला त्यातले थोडेच वॅट लागतात. पीओई असलं की प्रत्येक टेबलाखाली ॲडॅप्टर लोंबकळत नाही हा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा असा की सगळ्या फोनची वीज एका रॅकमधून, म्हणजे स्विच ठेवलेल्या कपाटातून, येते आणि तो रॅक यूपीएसवर टाकला की काम झालं. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची बॅटरी असायची, त्यामुळे बिल्डिंगची लाइट गेली तरी फोन वाजायचा. आयपी फोनला तसा आधार नाही, लाइट गेली की फोन मेला. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे स्विच, राउटर आणि फायबरचा डबा हे तिन्ही यूपीएसवर पाहिजेत, नुसता स्विच चालू राहिला तर फोनची स्क्रीन लागलेली दिसते पण बाहेरचा कॉल काही लागत नाही.

आता बटणं. या फोनचा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे कडेच्या दिव्यांच्या बटणांची रांग, याला बीएलएफ म्हणतात. प्रत्येक बटण एका एक्स्टेन्शनला, म्हणजे ऑफिसातल्या एका फोनच्या आतल्या नंबरला, बांधलेलं असतं, साधारणपणे हिरवा म्हणजे मोकळा, लाल म्हणजे बोलतोय, लुकलुकला म्हणजे वाजतोय. समजा तुर्भ्याला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, रिसेप्शनला कॉल येतो, "मॅडम, भिवंडीहून बोलतोय, आमची गाडी अजून पोचली नाही हो." ती बघते, २०४ लाल आहे, २०७ हिरवा आहे. "एक मिनिट दादा, डिस्पॅचला देते हं," म्हणून ट्रान्सफर दाबते, २०७ चं बटण दाबते, तिकडून उचलल्यावर सांगते, "काका, भिवंडीची पार्टी आहे, गाडीचं विचारतायत, चिडलेत जरा." "दे दे, मी बोलतो." मग पुन्हा ट्रान्सफर. याला अटेंडेड ट्रान्सफर म्हणतात, पार्टी तेवढा वेळ होल्डवर गाणं ऐकते आणि काकांना आधीच कळलेलं असतं कोण आहे आणि काय मूडमध्ये आहे. ब्लाइंड ट्रान्सफरमध्ये न विचारता कॉल सरळ पुढे ढकलतात, ते लवकर होतं, पण समोरच्याने उचलला नाही तर गिऱ्हाईक लटकतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या कॉलला ब्लाइंड वापरू नये असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्याचा फोन वाजत असताना त्याचा लुकलुकणारा दिवा दाबून कॉल आपल्याकडे ओढणं म्हणजे पिकअप, आणि तीस-चाळीस एक्स्टेन्शन असतील तर फोनच्या बाजूला बटणांचा वेगळा पट्टा जोडता येतो. म्युट, होल्ड, तिघांची कॉन्फरन्स, डीएनडी (फोन वाजू न देणं), फॉरवर्ड हे तर आता स्वस्तातल्या फोनमध्येही असतं.

हे दिवे आणि कॉल जोडणं-तोडणं चालतं एसआयपी नावाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे फोन आणि सर्व्हरच्या ठरलेल्या भाषेवर, त्याचं पहिलं स्टँडर्ड १९९९ चं आणि आज चालतं ते २००२ चं. फोन सुरू झाला की आपल्या सर्व्हरकडे हजेरी लावतो, मी २०७, या पत्त्यावर आहे, आणि ठराविक वेळाने ती पुन्हा लावत राहतो. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला आयपी पीबीएक्स (लॅनवर चालणारं एक्स्चेंज), ॲस्टरिस्कसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर चालणारी मशीन किंवा क्लाउडवरची सर्व्हिस, फोनला सगळं सारखंच. म्हणून येलिंक, ग्रँडस्ट्रीम, फॅनविल, आपल्या वडोदऱ्याची मॅट्रिक्स, कुणाचाही एसआयपी फोन बहुतेक कुठल्याही सर्व्हरवर चालतो.

आवाज मात्र एसआयपीमधून जात नाही, तो आरटीपी नावाच्या वेगळ्या वाटेने जातो, आणि या धंद्यातली नेहमी येणारी तक्रार इथूनच निघते. कॉल लागतो, सेकंद मोजले जातात, पण एकाच बाजूचं ऐकू येतं. कारण असं की फोन समोरच्याला आवाज पाठवायचा पत्ता देतो तो ऑफिसच्या आतला, १९२.१६८ वाला, बाहेरून तिथे पोचताच येत नाही. हे सोडवायला राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय दिलेली असते आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तीच गोंधळ घालते, त्यामुळे एकतर्फी आवाज आला की आधी ती बंद करून बघायची.

आवाजाच्या क्वालिटीचं म्हणाल तर साध्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, म्हणून 'स' आणि 'फ' फोनवर सारखे वाटतात आणि नावाचं स्पेलिंग दोनदा विचारावं लागतं. एचडी व्हॉइस म्हणतात त्यात जी.७२२ हा कोडेक, म्हणजे आवाज डेटात बदलायची पद्धत, ७००० हर्ट्झपर्यंत नेतो आणि फरक लगेच कळतो, पण दोन्हीकडचे फोन आणि मधली लाइन तशी असेल तरच, बाहेरच्या लँडलाइनवर कॉल गेला की बहुधा पुन्हा जी.७११, म्हणजे तोच साध्या पट्ट्याचा कोडेक. जी.७११ चा एक कॉल हेडर (पाकिटावरचा पत्ता वगैरे) धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस खातो, म्हणजे एकाच वेळी दहा कॉल चालू असले तरी १ एमबीपीएसच्या आत. तरी लोक आवाज तुटतो म्हणून नेटचा प्लॅन वाढवतात, ३०० एमबीपीएसचा ५०० करतात. तुटतो तो पाकिटं मागेपुढे पोचतात म्हणून, कुणीतरी मोठी फाइल चढवत असतं आणि आवाज रांगेत अडकतो. त्यावर उपाय म्हणजे फोनसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलवर वेगळं केलेलं नेटवर्क, आणि राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य, आणि याला प्लॅनचा एक रुपयाही जास्त लागत नाही. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते, त्याच्या फार वर गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

सेटिंग एकेका फोनवर बसून टाकायची नसतात. फोन आपल्या मॅक ॲड्रेसच्या (कंपनीने प्रत्येक फोनला दिलेल्या वेगळ्या नंबरच्या) नावाची फाइल सर्व्हरवरून स्वतः उचलतो, शंभर फोन एका दुपारी लागतात. पण कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवून फोन किंवा सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकला तर रात्रीत परदेशी कॉल करून बिल फुगवणारे जगभर बसलेत, त्यामुळे पासवर्ड बदलणं आणि नको असेल तर आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल, बंद ठेवणं हे पहिल्या दिवशीच करायचं काम.

नियमाचंही बघावं लागतं. ठाणे आणि नवी मुंबईचा कोड ०२२ च आहे आणि लायसन्सच्या हिशोबाने दोन्ही मुंबई सर्कलमध्ये (टेलिकॉम लायसन्सच्या विभागात) येतात, पुणे महाराष्ट्र सर्कलमध्ये. आपल्याच कंपनीच्या ऐरोली आणि पुण्याच्या एक्स्टेन्शननी एकमेकांशी नेटवरून बोलायला हरकत नाही, पण लायसन्स नसताना ऐरोलीहून नेटवरून कॉल पुण्यात नेऊन तिथल्या लोकल लाइनवर बाहेर सोडणं म्हणजे टोल बायपास, ते चालत नाही. आणि एक, हा फोन उचलून घरी नेला, दुसऱ्या शहरात लावला तरी नंबर तोच राहतो, वाजतोही, पण ११२ लावला तर समोरच्याला दिसणारा पत्ता नंबर ज्या ऑफिसच्या नावावर आहे तिथला असू शकतो, तेव्हा अशा वेळी मोबाइलवरून फोन करावा किंवा आपण कुठे आहोत ते पहिल्याच वाक्यात सांगावं.